हुकूमशहाचा घरातला आवाज

९ सप्टेंबर, मंगळवार

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा माझी एकांकिका होणार. माझी म्हणजे मी लिहिलेली, मी बसवणार असलेली, आणि बहुधा शेवटी प्रकाशयोजनाही मीच बिघडवणार असलेली. कमिटीत विरोध झाला नाही. दोघे विरोध करायला उभे राहिले होते, पण मी चष्मा काढून पुसायला लागले तेव्हा बसले.

विषय हुकूमशहा. देशाला नाव नाही, त्यामुळे कोणाच्या जावयाला राग यायला नको. पहिल्या प्रवेशात तो सज्जातून गर्दीपुढे भाषण ठोकतो. दुसऱ्यात त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी आपल्या जुन्या सेनापतीला घालवतो, आवाज न चढवता. हुकूमशहा प्रताप करणार. निवृत्त कार्डिऑलॉजिस्ट आहे, जन्मभर लोकांची हृदयं ऐकली, स्वतःचा आवाज मात्र कधी ऐकलेला दिसत नाही. सेनापती यश, वय तीस, सॉफ्टवेअर. प्रॉम्प्टर माझा नवरा बाळ. बहात्तर वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणं हास्यास्पद आहे, पण त्याला दुसरं काही म्हणण्याइतका तो कधी रागावलाच नाही.

अंतराला फोन करून सांगितलं. "वॉव आई, दॅट्स ग्रेट," म्हणाली. मग म्हणाली, "मला पण तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"बोल ना."

"नाही, नंतर. तू बिझी आहेस."

समंजस मुलगी आहे. दहा मिनिटांवर राहते. या देशात येऊन काय मिळवलंस असं मला कोणी विचारलं, तर मी वेस्ट विंडसरच्या घराकडे बोट दाखवणार नाही. त्या दहा मिनिटांच्या रस्त्याकडे दाखवेन.

१४ सप्टेंबर, रविवार

आमच्या बेसमेंटमध्ये पहिली तालीम. प्रतापचं भाषण झकास. वरच्या मजल्यावरचे कप वाजले. पण दुसऱ्या प्रवेशात त्याने त्याच आवाजात सेनापतीला "जेवलात का?" असं विचारलं, आणि खरोखरची इडली खात बसलेल्या यशने प्लेट खाली ठेवली.

"प्रताप, तो आता घरी आहे," मी म्हटलं. "घरी कोणी असं बोलतं का?"

"मी बोलतो," प्रताप म्हणाला.

वीणाची, म्हणजे त्याच्या बायकोची, मला दया आली.

१७ सप्टेंबर, बुधवार

यशने एक रेकॉर्डिंग पाठवलं. हिटलर १९४२ साली फिनलंडला तिथल्या सेनापतीच्या वाढदिवसाला गेला होता. आगगाडीच्या डब्यात दोघे बोलत बसले असताना एका रेडिओवाल्याने त्यांना न सांगता मायक्रोफोन चालू ठेवला. जेमतेम अकरा मिनिटं. पण त्या अकरा मिनिटांत तो ओरडत नाही.

मला जर्मन येत नाही. तरीही दोनदा ऐकलं. खालच्या पट्टीतला, जाडसर, थोडा थकलेला आवाज. पेन्शनच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसून कोणीतरी आपली हकिगत सांगत असावं, तसा. समोरच्याला मधे शब्द घालायला जागा नाही, एवढंच. गर्दीपुढचा आवाज ऐकून माणूस निदान पळून तरी जाईल. या आवाजापुढे तो चहा संपवून जाऊ म्हणत बसून राहील.

ग्रुपवर सांगितलं की सर्वांनी ऐकावं. मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अगाथा आठवल्या. आमचं वक्तृत्व त्यांनी घडवलं. चार कप मिळवले मी. सिस्टर कधी ओरडत नसत. "आय ॲम नॉट अँग्री, माय चाइल्ड," एवढंच म्हणत आणि आम्ही रडायला लागत असू. किती थोर बाई! असे शिक्षक आता होत नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

प्रताप पाऊण तास उशिरा. मी ओरडले नाही. मी कधीच ओरडत नाही, घरात तर नाहीच. तो यायच्या आधी ग्रुपवर नुसता एक व्हॉइस मेसेज टाकला: "प्रताप, काही हरकत नाही. तुमचा वेळ मोलाचा आहे. आम्ही सगळे थांबलोय, पण त्यात काय एवढं. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा या."

सगळ्या सूचना मी अशाच बोलून पाठवते. टाइप करायला चष्मा, बोट आणि संयम तिन्ही लागतात, आणि आमची मंडळी निम्मा दिवस गाडीत असतात, त्यांना ऐकणं सोपं.

आल्यावर प्रतापने तीनदा माफी मागितली आणि पुढच्या वेळी सर्वांसाठी बटाटेवडे आणायचं कबूल केलं. मी काहीच बोलले नव्हते! लोक उगाच मनाला लावून घेतात.

२४ सप्टेंबर, बुधवार

टाउनशिपची सभा. विषय पानं उडवायची यंत्रं. सकाळी सातला शेजाऱ्यांकडचा माळी ते भोंगे सुरू करतो. मला माइकवर तीन मिनिटं मिळाली आणि मी त्यांचं सोनं केलं. "लेडीज अँड जेंटलमेन," म्हणून सुरुवात केली, मधे मूठ वर गेली, शेवटी टाळ्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "थँक यू, मिसेस... थँक यू." निवृत्त व्हाइस प्रिन्सिपलचा आवाज आहे हा. एकेकाळी याच आवाजावर मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात सहाशे पोरं गप्प व्हायची.

ठराव अर्थात पुढे ढकलला.

येताना बाळ म्हणाला, "छान ओरडलीस." मी म्हटलं, ओरडले नाही, आवाहन केलं.

२८ सप्टेंबर, रविवार

अंतराकडे जेवायला. भिंतींना नवा रंग. पिवळा जाऊन दलियाच्या रंगाचा आला आहे. माळ्यावरची खोकी खाली उतरवली आहेत, जेवणाचं मोठं टेबल कोणाला तरी देऊन टाकलं. हल्लीच्या मुलांना रिकामी घरं आवडतात. निहार, म्हणजे जावई, माझ्याकडे न बघता वरण वाढत होता. निहार नेहमीच असा. आठ वर्षं झाली, अजून लाजतो.

नात नैनाने विचारलं, "आजी, पियानो ट्रकमध्ये झोपवून नेतात का उभा?" मी म्हटलं, काय कल्पनाशक्ती आहे हिची. सगळे एकदम पाण्याचे ग्लास उचलून प्यायले.

नंतर भांडी लावताना अंतरा म्हणाली, "आई, सपोज... निहारला दुसरीकडे कुठे ऑपॉर्च्युनिटी मिळाली. जस्ट सपोज."

"छान," मी म्हटलं.

"म्हणजे लांब."

"तुमचं आयुष्य आहे. मी कधी अडवलंय का कोणाला? तुला योग्य वाटेल ते कर."

ती हातातली वाटी पुसत राहिली. कोरडी झाली तरी पुसत होती. मग म्हणाली, "नथिंग. आय वॉज जस्ट टॉकिंग."

किती मोकळं नातं आहे आमचं. माझ्या आईपुढे मला 'सपोज' म्हणायची छाती नव्हती.

५ ऑक्टोबर, रविवार

आज तालमीत चमत्कार झाला!

दुसरा प्रवेश. प्रताप टेबलाशी बसला, रुमालाने चष्मा पुसला (हे मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याने शोधलं), आणि अगदी हळू, गोड म्हणावं अशा आवाजात म्हणाला, "बसा, सेनापती. जेवला नाहीत? माझ्यासाठी थांबलात, म्हणजे चूक माझीच. छे, छे, मी कशाला रागावेन? तुम्ही जाणते आहात. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

यशचा चेहरा पांढरा. तो पुढचं वाक्य विसरला. प्रॉम्प्टर बाळ, तोही विसरला. कागद त्याच्या हातात होता! मागे कोणीतरी खोकल्यासारखं करून बाथरूमकडे पळालं.

मी टाळ्या वाजवत उभी राहिले. "हाच! हाच तो नीच माणूस! प्रताप, कुठून आणलात हा आवाज? त्या रेकॉर्डिंगमधून?"

"नाही, मालिनीताई. निरीक्षण."

"कोणाचं?"

"असंच... सार्वजनिक."

मी सर्वांना सांगितलं की याला अभ्यास म्हणतात. कोणी माझ्याकडे बघेना. भारावले होते. ते 'योग्य वाटेल ते करा' वाक्य मी लिहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं की यात दम आहे. कुठून सुचलं कोण जाणे. हुकूमशहांचा अभ्यास केला की त्यांचं मन कळायला लागतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बाळ हल्ली फोन घेऊन गॅरेजमध्ये जातो. विचारलं तर म्हणतो, तिथे रेंज चांगली येते. चाळीस वर्षं संसार करून माणसाला असं खोटं बोलता येऊ नये, म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं. दाराशी उभी राहिले (ऐकत नव्हते, उभी होते). "नाही, अजून नाही सांगितलं," म्हणत होता. "तूच सांग, राणी. मला नको घालू त्यात."

राणी म्हणजे अंतरा. माझ्या वाढदिवसाचा काहीतरी बेत शिजतोय. वाढदिवस फेब्रुवारीत असतो, पण माझी माणसं पहिल्यापासून हौशी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. अंतरा ऑफिसमधून परस्पर आली, उभ्याउभ्या चकली खाल्ली. "आई, तुझं नाटक होऊन जाऊ दे," म्हणाली. "मग आपण बोलू. प्रॉमिस मी."

मी म्हटलं, "तुला हवं तेव्हा. मी काय, इथेच असते."

एवढ्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चकलीत तिखट जास्त झालं असणार. बाळने तरी खाऊन सांगायचं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

झालं नाटक.

शाळेचं सभागृह, दुपारची वेळ, बाहेर फराळाचे डबे. पहिल्या प्रवेशाला टाळ्या पडल्या. पण दुसऱ्या प्रवेशात प्रताप टेबलाशी बसून त्या आवाजात बोलायला लागला तेव्हा पहिल्या चार रांगांत काहीतरी झालं. आधी एक हसू फुटलं, मग पाच, मग ते सगळं एकदम थांबलं. मी विंगेत होते. तिसऱ्या रांगेत अंतरा दिसली. तीही हसत होती, पदराने तोंड दाबून. मग ती हसत नव्हती. मग ती उठून बाहेर गेली आणि निहार तिच्या मागे.

मला वाटलं, काय परिणाम साधलाय! माझी स्वतःची मुलगी सहन करू शकली नाही.

नंतर लोक भेटायला आले. एक बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "तुमचं खरंच कौतुक. एवढा मोठेपणा कोणाला जमतो!" मी विनयाने मान खाली घातली. कशाचा मोठेपणा, ते विचारलं नाही. मोठेपणा मिळत असताना चौकशी करू नये.

घरी येताना गाडीत मी बाळला म्हटलं, "पण प्रतापने नक्कल कोणाची केली असेल रे?"

बाळने डावीकडचा इंडिकेटर लावला होता. वळण आलं आणि मागे गेलं. इंडिकेटर टिकटिकत राहिला.

"मालिनी, तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"सगळ्या हॉलला कळलं."

मग त्याने सांगितलं. प्रताप जाता-येता गाडीत माझे व्हॉइस मेसेज लावून ऐकायचा. पाठ झाले होते त्याला. चष्मा पुसण्यासकट. सगळ्यांना वाटलं की मला माहीत आहे, मीच त्याला परवानगी दिली आहे, मी स्वतःवरच विनोद केला आहे.

मी शांतपणे म्हटलं, "असेल. मला काय कळतंय? तुम्ही सगळे म्हणताय तर बरोबरच असेल. मी कोण बोलणार?"

आणि त्या 'बरोबरच'च्या आसपास मला ऐकू आलं. गाडीत तो माणूस बसला होता. फक्त त्याच्या गणवेशाऐवजी माझी मोरपंखी पैठणी होती.

बाळने गाडी कडेला घेतली.

"मला वाटायचं तू मुद्दाम करतेस," तो म्हणाला. "इतकी वर्षं."

"मुद्दाम केलं असतं तर अजून चांगलं केलं असतं," मी म्हटलं. त्यावर तो हसला. मलाही हसायचं होतं, जमलं नाही.

"अंतराला तुला काहीतरी सांगायचंय. जुलैपासून," तो म्हणाला. "मी आता त्या गॅरेजमध्ये उभा राहून कंटाळलोय."

मग रंग, खोकी, टेबल, पियानो, ट्रक, सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखं, एका रांगेत, खाली माना घालून.

२ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे गेली. दिवसाला एक तास जास्त, आणि आजच.

सकाळभर मी आरशासमोर आवाज शोधत होते. टाउनशिपच्या सभेतला नको, टेबलावरचा नको. तिसरा कुठलाच सापडेना. चार कप मिळवलेली बाई! सत्तराव्या वर्षी स्वयंपाकघरात बोलायला एक साधा आवाज नाही.

अंतरा एकटीच आली. कोटही काढला नाही. ओट्याला पाठ टेकून, पाठ केल्यासारखं बोलली. "आई, वी आर मूव्हिंग. अल्फारेटाला, पार साउथला. निहारला तिथे टीम मिळतेय, मला रिमोट चालेल. थँक्सगिव्हिंगनंतर. घर विकलं."

जिभेवर ते वाक्य येऊन तयार उभं होतं. गोड, गार. मी ते गिळलं. अक्षरशः गिळलं, घशाला टोचलं. त्याच्या जागी दुसरं काही नव्हतं, म्हणून जे आलं ते आलं.

"मला न सांगता?"

मी किंचाळले. वक्तृत्व नव्हे, आवाहन नव्हे. फाटका, चिरका, बोहारणीशी घासाघीस करताना निघावा तसा आवाज. अंतरा दचकून ओट्यावर आदळली.

"घर विकलंस आणि मी तिथे वरण खाऊन आले! रंगाला नावं ठेवून आले! नाही जायचं. मी नाही जाऊ देणार. तू गेलीस तर मी इथे काय करू, पानं उडवू?"

अंतराने माझ्याकडे पाहिलं. मी तिला पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं. आणि मग तीही सुटली.

"तुला कसं सांगणार होते? यू नेव्हर से नो! कॅलिफोर्नियाच्या कॉलेजला जायचं होतं मला, तू म्हणालीस, तुला योग्य वाटेल ते कर. आणि मी घराजवळच्या कॉलेजात गेले!"

"मी जाऊ नको म्हटलं नव्हतं!"

"एक्झॅक्टली! म्हटलं असतंस तर मी भांडले असते ना! भांडून गेले असते! तू फक्त चष्मा पुसलास, आई!"

"मग आता भांड!"

"भांडतेच आहे!"

तिला इतकं मराठी येतं हे मला माहीत नव्हतं. काय काय शब्द काढले! एक तर मी घरात कधीच उच्चारलेला नाही, बहुधा बाळकडून उचलला असावा. मीही सोडलं नाही. जावयाला भित्रा म्हटलं, अल्फारेटाला खेडं म्हटलं, नैनाला आता पोहे कोण करून घालणार म्हटलं. ती म्हणाली, निहार करतो आणि तुझ्यापेक्षा चांगले करतो. हे मला सर्वांत जास्त लागलं, कारण ते खरं आहे.

मधे केव्हातरी बाळ आला आणि म्हणाला, "चहा कोणाकोणाला?" आम्ही दोघी त्याच्यावर एकदम ओरडलो. तो खूश होऊन चहा टाकायला गेला.

चहा झाला तेव्हा आम्ही जमिनीवर बसलो होतो, ओट्याला पाठ लावून, दोघी घामाघूम. अंतराने अखेर कोट काढला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिचं नाक माझ्या साडीला पुसलं, हे मला दिसलं, मी बोलले नाही.

जाणार आहेत. तेवढं मात्र बदललं नाही. किंचाळण्याने घर परत विकत घेता येत नाही.

जाताना दारात म्हणाली, "तिथे खाली एक बेडरूम आहे. तुमच्यासाठी. पण आई, तिथे मोठ्याने बोलायचं. नाहीतर हॉटेल बुक करायचं."

३ नोव्हेंबर, सोमवार

आवाज पूर्ण गेला. खालचाही, वरचाही. डॉक्टर म्हणाली, घसा सुजलाय, काय केलंत? मी हातवाऱ्याने सांगितलं, गाणं.

संध्याकाळी अंतराचा फोन. "आई?" मी तोंड उघडलं, हवा निघाली. "आई? आर यू देअर? रागावलीस?" पुन्हा हवा. "ओह गॉड. तू परत तेच करतेयस. हे तर त्याहून वाईट आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर निर्दोष होते, आणि पुरावा देता येईना! फोन बाळच्या हातात दिला. "अगं, खरंच घसा बसलाय तिचा," तो म्हणाला. तिने विश्वास ठेवला नाही. त्याच्यावर कोण ठेवेल? गॅरेजवाला माणूस.

शेवटी तिने व्हिडिओ लावला. मी सगळा जीव एकवटून एक आवाज काढला. बेडकाच्या घशात खडा अडकला तर येईल तसा. मागून नैना धावत आली. "आजी, अगेन! डू इट अगेन!"

अंतरा डोळे पुसत हसत होती. "शनिवारी येशील का?" तिने विचारलं. "किचन पॅक करायचंय. मला एकटीला नाही जमणार."

खोड जाते थोडीच? त्याच बेडकाच्या आवाजात मी म्हणून पाहिलं, "तुला योग्य वाटेल तसं." ती इतकी हसली की फोन पडला आणि मला बराच वेळ त्यांच्या रिकाम्या खोलीचं छत दिसत राहिलं, दलियाच्या रंगाचं.

फोन उचलल्यावर म्हणाली, "काय? नीट सांग. येतेस की नाही?"

"येते," मी म्हटलं. "सकाळीच येते. आणि मला नाही आवडलेलं, तुम्ही जाताय ते."

"आय नो," ती म्हणाली. "खोकी आहेत, टेप घेऊन ये."